यंत्राच्या तक्रारीची भाषा

गतवर्षी संगणकाच्या तासाला एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आमच्यापुढे उभी राहिली. "सर, मी पेन ड्राइव्ह लावला आणि हे आले. माझ्याकडून काही बिघडले का?" पडद्यावर ओळ होती : 'यूएसबी १-१ : डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -११०.' इंग्रजी जाणणाऱ्या आम्हांसही तिचा बोध चटकन् झाला नाही.

ही ओळ लिहिणारा तो लिनक्सचा कर्नल. यंत्र आणि आपले कार्यक्रम यांच्यामधला कारभारीच म्हणा ना. हेलसिंकीचे विद्यार्थी लिनुस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली त्याचा आरंभ केला. 'यूएसबी १-१' हा जोडणीच्या जागेचा पत्ता. नवे उपकरण लागताच कर्नल त्यास 'तू कोण?' असे विचारतो व ओळखपत्राचे ६४ बाइट मागतो. ११० हा मुदत टळल्याचा क्रमांक. सारांश, विचारले, पण वेळेत उत्तर आले नाही. एवढी साधी गोष्ट आकड्यात कोंडली गेली, आणि मुलीस वाटले आपणच अपराधी!

कर्नल लिहिणाऱ्यांना याची जाणीव नाही असे नव्हे. त्यांच्या लेखननियमांत संदेशाची वर्णरचना शुद्ध ठेवा, तो थोडक्यात, स्पष्ट व निःसंदिग्ध असू द्या, असे बजावले आहे. आम्हां शिक्षकांस हे वाचून बरे वाटले! कोणत्या उपकरणाची तक्रार आहे तेही संदेशात यावे. एरव्ही कार्यक्रमाची ओळ ८० अक्षरांत बसवण्याची रीत. पण संदेशाचे वाक्य मात्र मधे तोडू नये, कारण मग शोधणाऱ्यास ते सापडत नाही. तातडीच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्याही आहेत; ० म्हणजे यंत्र निरुपयोगी, ७ केवळ तपासणाऱ्यासाठी. अलीकडे आकड्याऐवजी चुकीचे नाव छापण्याचीही सोय झाली आहे. तेथे '-११०' च्या जागी 'ईटाइम्डआउट' येते. तेही सामान्य माणसाचे नव्हेच, पण आकड्यापेक्षा बरे.

मग 'केबल खराब आहे' असेच का लिहू नये? येथे आमचे मत थोडे निराळे आहे. कर्नलाला केबल दिसत नाही. त्याला फक्त मौन कळते. दोष केबलचा, अपुऱ्या विजेचा किंवा पेन ड्राइव्हचाही असेल. माहीत नसलेले कारण ठामपणे सांगणारा संदेश आकड्याहून घातक. प्रिंटर बिघाड कळवतो, पण कागद संपलेला नाही आणि जोडणीही तुटलेली नाही, अशा वेळी लिनक्समध्ये 'एलपी० ला आग लागली' असा संदेश असे. गंमत खरी, पण रात्री कार्यालयात एकट्या असलेल्या कारकुनाची काय अवस्था होईल?

जुनी ओळ बदलणेही सोपे नाही, कारण तेच शब्द शोधत बसणारे दुसरे कार्यक्रम असतात.

आम्ही मधली लांब तार काढून पेन ड्राइव्ह थेट संगणकास लावला. तो लगेच दिसू लागला. मुलीने वहीत '-११०' लिहिले आणि पुढे आपल्या अक्षरात : 'हाक मारली, ओ आली नाही.'