टाकीची दोन झाकणं

सिनेमातली पळणारी गाडी नेमकी कुठली, हे शोधायचा नाद मला शाळेत असल्यापासून आहे. ओळखीपाळखीचे लोक हमखास विचारतात ते 1969 च्या ‘द इटालियन जॉब’बद्दल. तुरिनमध्ये सोनं लुटून लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाच्या तीन चिमुकल्या गाड्या पळ काढतात, तो धमाल विनोदी सिनेमा. ‘मिनी’ एवढं कुणीही सांगेल. पण कुठली मिनी?

1. आधी आवाज बंद करावा. इंजिनाची घरघर बऱ्याचदा नंतर भरलेली असते. तिच्यावरून काहीही ठरवू नये.

2. नंबरप्लेट सगळ्यात शेवटी वाचावी. लाल गाडीवर एचएमपी 729जी असा नंबर आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा शेवटच्या अक्षरावरून नोंदणीचा काळ कळायचा, आणि ‘जी’ म्हणजे ऑगस्ट 1968 ते जुलै 1969. मिनीचं दुसरं मॉडेल, मार्क टू, 1967 च्या शेवटीच बाजारात आलं होतं. म्हणजे प्लेटवर विसंबलं तर ही मार्क टू ठरते. पण समोरची जाळी मिशीसारखी खाली वळलेली आणि मागचे दिवे बारके, लंबगोल. हे तोंड मार्क वनचं! प्लेट चार स्क्रू काढून बदलता येते, पत्रा सहसा कुणी बदलत बसत नाही.

3. मागची बाजू दिसली की तिथेच चित्र थांबवावं. माझं सगळ्यात लाडकं काम हे. साध्या मिनीला पेट्रोल भरायचं झाकण एकच, डाव्या अंगाला. कूपर एसला 1966 पासून दोन टाक्या आल्या, म्हणून झाकणंही दोन, डिकीच्या दोन्ही बाजूंना. ती दोन दिसली की 1275 सीसीची कूपर एस असं ठामपणे म्हणायला आधार मिळतो. लोक हिला सर्रास हॅचबॅक म्हणतात. मला ते पटत नाही. डिकीचं झाकण खालच्या बिजागरीवर खाली पडतं आणि मागची काच जागची हलत नाही. जिचं दार काचेसकट वर उचललं जातं ती मिनी या सिनेमाच्या 2003 च्या लॉस एंजेलिसमधल्या नव्या आवृत्तीत आहे. तेव्हा ‘कुठल्या साली आलेला सिनेमा?’ हे आधी विचारून घ्यावं.

4. गाडी किती बसली आहे ते बघावं. कथेत सोनं 40 लाख डॉलरचं. त्या काळच्या 35 डॉलर औंस या सरकारी भावाने ते सुमारे साडेतीन टन भरतं, म्हणजे एकेका गाडीत जवळपास 1200 किलो. मिनीचं स्वतःचं वजनच साडेसहाशे किलोच्या घरात. तरी ती पायऱ्यांवरून टुणटुण उतरते, म्हणजे आत सोनं नाही.

5. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते पाहावं. मिलानची इनोसेंती कंपनी 1965 पासून परवान्यावर मिनी बनवत होती. त्यामुळे इटलीच्या रस्त्यावर मिनी दिसणं नवलाचं नाही. पण चोरांच्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे आहे. त्या ब्रिटनहून आणलेल्या.

6. जागेवरून गाडी ठरवू नये. गच्चीवरची शर्यत तुरिनमधल्या फियाटच्या लिंगोत्तो कारखान्याच्या माथ्यावरच्या खऱ्या चाचणी-ट्रॅकवर झाली, पण गटाराच्या बोगद्यातली पळापळ इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला चित्रित झाली. फियाटने तर मिनीऐवजी आपल्या गाड्या वापरा असं सुचवलं होतं. निर्माते मायकेल डीली यांनी ते नाकारलं, याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. ब्रिटिश चोर परक्या मुलखात येऊन परक्यांच्याच गाडीतून पळाले असते, तर त्या पाठलागाचा जीवच गेला असता.

7. गाडी ओळखली की चालवणाऱ्याचंही नाव शोधावं. इथे ते फ्रान्सच्या रेमी जुलियन यांचं आणि त्यांच्या पथकाचं. पुढे बाँडपटांतले कितीतरी पाठलाग जुलियन यांनीच बसवले; 2021 मध्ये ते गेले. आता मला कुणी या मिनीबद्दल विचारलं, तर मी मॉडेलच्या आधी त्यांचं नाव सांगतो.