सावलीचे पंचांग

माणूस गेला की त्याच्या नावाने आपल्याकडे कोणी पाणपोई घालतो, कोणी झाडाला पार बांधतो. इंग्लंडात काही ठिकाणी गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी चर्चच्या अंगणात सूर्यघड्याळ उभारतात. त्याला चावी द्यावी लागत नाही. एक दगडी चौथरा, त्यावर रेघा आणि मधे एक तिरपी पट्टी. पट्टीची सावली ज्या रेघेवर पडेल, ती वेळ.

पण सावली नुसती वेळ सांगत नाही. ती ऋतूही सांगते. खोटे वाटते? मग आपल्याच अंगणात पाहा.

जमिनीवर चार हात राहील अशी काठी रोवा. ओळंबा लावून ती सरळ करा. सकाळी तिची सावली लांब असते. मग ती आखूड होत जाते. दुपारी ती सर्वांत आखूड झाली, की टोकाशी एक खडा ठेवा. तोच आपला खरा मध्यान्ह. त्या वेळी हातातल्या घड्याळात बाराच वाजतील असे नाही. वर्ध्याला बहुधा बारावर काही मिनिटे झालेली असतात. फेब्रुवारीत तर साडेबारा होतात.

असे वर्षभर खडे ठेवा. २२ डिसेंबरला सावली जवळजवळ काठीएवढी, म्हणजे चार हात पडेल. २१ मार्चला ती दीड हातावर येईल. त्या सुमारास दिवस आणि रात्र सारखी असते. २४ मेच्या आसपास भर दुपारी सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होईल. २१ जूनला ती चार-पाच बोटे, पण उलट बाजूला, दक्षिणेकडे पडेल. मग सावली परत फिरेल.

ख्रिस्ती लोकांचे सणही या सूर्याशी बांधलेले आहेत. नाताळ २५ डिसेंबरला, सावली लांब असते तेव्हा येतो. ईस्टरचा नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पुनव येईल, तिच्या पुढचा रविवार. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो.

पुढे एक घोटाळा झाला. जुन्या पंचांगात वर्ष थोडे लांब धरले होते. दर वर्षी काही मिनिटांची चूक. शेकडो वर्षांत ती दहा दिवसांची झाली! कागदावर २१ मार्च लिहिलेला, पण दिवस-रात्र सारखी होई ती ११ मार्चच्या सुमारास. ईस्टरचा हिशेब चुकू लागला. शेवटी १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरला.

नवे पंचांग तरी बरोबर आहे का? तेही ताडून पाहिले. इटली देशात बोलोन्या गावी मोठे चर्च आहे. तिथे १६५५ साली कासिनी नावाच्या ज्योतिर्विदाने छताला, सुमारे २७ मीटर उंचीवर, एक भोक ठेवले. खाली फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची पट्टी आखली. रोज दुपारी उन्हाचा कवडसा त्या पट्टीवर पडतो. तो कुठे पडला त्यावरून दिवस कळतो. ती पट्टी आजही आहे.

बघा, पंचांग छापलेले होते, मोठमोठे विद्वान ते मानत होते. तरी चूक राहिलीच. ती उन्हाने दाखवली.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मजूर येत असे. कामाला गेला की तो घरच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी. पुढे वाचता येऊ लागले. एकदा पगाराच्या दिवशी त्याने हजेरीचे पुस्तक वाचून पाहिले. भिंतीवर रेघा बावीस, पुस्तकात दिवस एकोणीस. तो म्हणाला, "गुरुजी, आजवर मी नुसता अंगठा देत होतो!" त्याने हिशेब मागितला आणि तीन दिवसांचे पैसे मिळाले.

लिहिलेले आहे म्हणून ते खरेच असते, असे नाही. वाचायला शिका आणि वाचलेले ताडून पाहायलाही शिका.

सांगा पाहू :
१. तुमच्या काठीची सावली आज दुपारी किती हात पडली?
२. ती कोणत्या दिशेला होती?
३. एक महिन्याने पुन्हा मोजा. ती वाढली की घटली? वहीत लिहा.