वाचता येत नसलं तरी अभ्यास घेता येतो

तायांनो, "मलाच वाचता येत नाही, मी काय अभ्यास घेणार?" असं बैठकीत बऱ्याच जणी म्हणतात. पण आपल्याला शिकवायचं नाही, लेकराला रोज अभ्यासाला बसवायचं आहे.

बचतीची तारीख आपण चुकवत नाही, तशी अभ्यासाची वेळही पाळा. दिवेलागणीला अर्धा तास, रोज तीच जागा, टीव्ही-मोबाईल बंद. भाकरी थापता थापता म्हणा, "आज काय शिकलास, मला समजावून सांग." जिथं अडेल तिथं वहीत खूण करायला लावा, दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारेल. लहानग्याकडून एक पान मोठ्यानं वाचून घ्या. तिसरीपर्यंत समजून वाचता यावं, हेच निपुण भारत अभियानाचं ध्येय आहे.

आणि मुलगी अभ्यासाला बसली की तिला पाण्याला उठवू नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, किती दिवस जमलं?