म्हाताऱ्या कुत्र्यानंतरचं पिल्लू

चौदा वर्षांचा कुत्रा गेला की घरच्यांच्या डोळ्यांपुढे राहतो तो त्याच्या उतारवयातला. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत टेबलाखाली निवांत पडणारा, कोण जिना चढतंय हे पावलांवरून ओळखणारा, लोणच्याच्या बरणीकडे ढुंकूनही न पाहणारा. पहिल्या वर्षी त्याने सोफ्याचा पाय कुरतडला होता आणि पाहुण्यांची चप्पल पळवली होती, हे कुणाला आठवत नाही. मग नवं पिल्लू येतं, तिसऱ्याच दिवशी दिवाणावर शू करतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘आपला असा नव्हता.’ होता. अगदी असाच होता. पुढची सगळी कृती ही गोष्ट लक्षात ठेवून करायची आहे.

आधी माणसं बसवा

एका संध्याकाळी घरातली सगळी माणसं एकत्र बसा आणि जुन्याच्या पहिल्या वर्षाचे फोटो काढा. काय काय फाडलं, किती रात्री जागवलं, फिरायला कोण नेत होतं, हे कागदावर लिहा. रडू येईल, येऊ द्या. पण यादी पूर्ण करा, कारण पिल्लू आल्यावर पहिले सहा महिने हीच उपयोगी पडणार आहे.

त्याच कागदावर एक हिशेब मांडा. जुना आला तेव्हा तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे होतात, आता साठीला टेकलात. हे पिल्लू म्हातारं होईल तेव्हा पंचाहत्तरीकडे असाल. तेव्हा मुलं शाळेत होती, संध्याकाळी तीच त्याला खाली न्यायची. आता एक बंगळुरूला आहे आणि एक परदेशात. तीस किलोचा लॅब्रॅडॉर मांजर बघून उसळला की दोरी कुणाच्या मनगटात असेल? उत्तर अवघड वाटत असेल तर दोन-तीन वर्षांचा, स्वभाव कळलेला, शहरातल्या एखाद्या निवारा केंद्रातला गावठी कुत्रा घ्या. त्याचा शू-शीचा पाठ बऱ्याचदा लवकर होतो आणि तो आपल्या हवेत टिकतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात हस्की पाळणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही; ती हौस कुत्र्याने भोगायची असते.

मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुला कुत्रा हवाय, की तोच परत हवाय? कुणाचंही उत्तर दुसरं आलं तर थांबा. किती थांबायचं याचा ठरलेला आकडा नाही. काहींना महिना पुरतो, काहींना दोन वर्षं लागतात, आणि ‘इतक्यात आणलंस?’ म्हणणारे शेजारी दोन्हीकडे भेटतात. घरातल्या एकाचा जरी ठाम नकार असला तरी पिल्लू आणायचं नाही. आणि गावी एकट्या पडलेल्या आईवडिलांना पुण्यातून परस्पर पिल्लू पाठवून ‘सरप्राइज’ द्यायचं तर मुळीच नाही. दुःख त्यांचं आहे, पहाटे पाचला उठणंही त्यांच्याच वाट्याला येणार आहे.

निवड

त्याच जातीचं, त्याच रंगाचं, कपाळावर तसाच टिळा असलेलं पिल्लू शोधायचा मोह होतो. शक्यतो टाळा. चेहरा मिळतो, स्वभाव मिळत नाही, आणि रोज सकाळी आपण फरक मोजत बसतो.

वय आठ आठवड्यांच्या आत नको. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे त्याहून लहान पिल्लू विकताच येत नाही. तरी ‘पाच आठवड्यांचं आहे, लवकर लळा लागेल’ असं सांगणारे असतात. त्यांच्याकडून घेऊ नका. आईजवळ आणि भावंडांत असताना पिल्लू जोरात चावलं की खेळ थांबतो हे शिकतं. तो धडा चुकला की पुढे तुमच्या पोटऱ्यांना शिकवावा लागतो. पिल्लाची आई बघायला मागा. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरा.

सामानाचे तीन ढीग

हे काम एकट्याने करू नका, आणि पिल्लू आणायच्या आदल्या दिवसावर तर अजिबात ठेवू नका.

पहिला ढीग ठेवायच्या वस्तूंचा: पट्टा, गळ्यातला बिल्ला, एखादा बॉल. ते कपाटात जाऊ द्या, पिल्लाच्या गळ्यात नको. मापाला तर बसणारच नाही. दुसरा ढीग वापरायच्या वस्तूंचा: स्टीलची ताटली, पाण्याचं भांडं. साबणाने घासा, उकळत्या पाण्यातून काढा. तिसरा ढीग टाकायचा: गादी, सुतळीची आणि कापडाची खेळणी, कुरतडलेलं लाकूड.

औषधांचा डबा वेगळा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात हृदयाच्या, किडनीच्या, सांधेदुखीच्या गोळ्या उरलेल्या असतात. त्यातली एकही पिल्लाला द्यायची नाही. गोचिडीचं मानेवर टाकायचं औषधसुद्धा नाही, कारण त्याची मात्रा वजनावर ठरते. किडनीच्या आजाराचं खाणं उरलं असेल तर त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेले असतात. वाढत्या पिल्लाला ते चालत नाही. न फोडलेली, मुदतीतली पाकिटं डॉक्टरांना विचारून एखाद्या निवारा केंद्राला द्या.

सफाई: तो कशाने गेला, त्यावर

वयाने, किडनीने, कर्करोगाने गेला असेल तर नेहमीची धुलाई पुरे. डिस्टेंपरचा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. पार्वोचा मात्र टिकतो, फरशीच्या सांध्यांत आणि मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही. घरात किंवा आवारात अलीकडे पार्वो झालेला असेल तर अपुऱ्या लसींचं पिल्लू आणूच नका. लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणा.

फिनेलवर विसंबू नका, पार्वोला ते पुरत नाही. घरगुती लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं मिश्रण करा. फरशी आधी साबणाने धुऊन, घाण काढून घ्या, मग हे मिश्रण ओतून दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचमध्ये फिनेल, ॲसिड, व्हिनेगर काहीही मिसळू नका. काही मिश्रणांतून विषारी वायू निघतो.

गोचीड हा आपल्याकडचा खरा वारसा. कुत्रा गेला तरी गोचिडी जात नाहीत. दाराच्या चौकटीतल्या फटी, पलंगाच्या मागचा भाग, पडद्यांच्या वरच्या घड्या, गॅलरीतल्या कुंड्यांखाली, अशा जागी त्या लपतात आणि काही न खाता महिनोन् महिने जगतात. एक मादी हजारांनी अंडी घालते. शेवटच्या वर्षी जुन्याला गोचीड ताप झाला असेल तर फटी बुजवा, कीटकनाशकाची फवारणी करून घ्या आणि पिल्लू आणण्याआधी किती दिवस जाऊ द्यायचे ते फवारणीवाल्यालाच विचारा.

आता वास. म्हातारपणी त्याला शू धरवत नव्हती, तेव्हा दिवाणाचा कोपरा, पायपुसणं, देवघराबाहेरची भिंत, सगळीकडे मुरलेली असते. आपल्याला वास येत नाही, पिल्लाला येतो, आणि ती जागा शू करायचीच आहे असं ते धरून चालतं. एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं, ते वापरा. नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, पण ब्लीच मारलेल्या जागी नव्हे. संगमरवराला व्हिनेगर लावू नका, डाग पडतो.

घर पुन्हा लहान करा

कुत्र्याबरोबर घरही म्हातारं झालेलं असतं. चार्जरच्या वायरी खाली लोंबू लागल्या, चपलांचा स्टँड गेला, कचऱ्याच्या डब्याचं झाकण हरवलं. गुडघ्यांवर बसून एकदा सगळ्या खोल्या फिरा आणि नाकाच्या उंचीवर जे दिसेल ते उचला. आजोबांच्या गोळ्यांचा डबा आणि उंदरांचं औषध ही दोन्ही वरच्या फळीवर गेली पाहिजेत. जिन्याला आणि गॅलरीच्या गजांना जाळी.

खाण्याचे नियम सगळ्यांना पुन्हा सांगा, कारण जुन्याला हळूहळू सवलती मिळालेल्या असतात. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे बंद. म्हणजे प्रसादाचा शिराही बंद. शिजवलेली हाडं नाहीत. दूध-पोळी आपल्याकडे परंपरेने देतात, पण बऱ्याच पिल्लांना दुधाने जुलाब होतात.

आणण्याचा दिवस

सुट्टीच्या दिवशी सकाळी आणा, म्हणजे रात्र होईपर्यंत त्याला घर ओळखीचं होतं. दिवाळीच्या आठवड्यात नको. निघताना आईच्या अंगाखालचा एक कपडा मागून घ्या, आणि तिथे जे खात होतं तेच खाणं. बदल करायचा तर सात-आठ दिवसांत थोडं थोडं मिसळून. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीनदा.

दारात औक्षण करायचं तर करा, निरांजन लांब धरा. ‘तोच परत आलाय’ असं आजी म्हणेल. तिला म्हणू द्या. लहान मुलांना मात्र तसं सांगू नका. ती जुनं नाव घेऊन हाका मारतील आणि पिल्लू बघत नाही म्हणून रुसतील.

नाव वेगळं, पहिलं अक्षरही वेगळं. मोतीनंतर मोनू नको. तरी तोंडातून मोती निघेलच, त्याचं ओझं घेऊ नका.

रात्री त्याला जुन्याच्या कोपऱ्यात एकटं ठेवू नका. खोक्यात किंवा क्रेटमध्ये तो कपडा घालून आपल्या पलंगाशेजारी ठेवा. कुईकुई करेल. हात खाली सोडा, त्याला वास घेऊ द्या. मध्यरात्री एकदा शूला न्या, न बोलता, दिवे न लावता. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी, आणि जेवणाच्या ताटल्या वेगळ्या.

शू-शी

झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून थांबलं की, लगेच ठरलेल्या जागी. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही. जागेवर केली तर त्याच क्षणी खाऊ. घरात येऊन दिलेला खाऊ कशासाठी मिळाला हे त्याला कळत नाही. चुकीच्या जागी केली तर पुसा आणि गप्प बसा. नाक त्यात घासायची जुनी पद्धत निव्वळ क्रूर आहे, आणि त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायची नाही.

डॉक्टर आणि लसी

पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांकडे. त्याच दवाखान्याची पायरी चढवत नसेल तर दुसरा शोधा, यात कमीपणा नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस सुरू होते, आणि सोळा आठवडे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणून शेवटचा डोस चुकवायचा नाही. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. जंताचं औषध वजनावर. उलट्या, रक्ताची, दुर्गंधी येणारी शी, मलूलपणा यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

पिल्लाचे दात सुईसारखे असतात. खरचटून रक्त आलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. ‘घरचंच तर आहे’ म्हणून सोडू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांनी सुरुवातीचे महिने पिल्लाशी हाताने खेळू नये, दोरीच्या खेळण्याने खेळावं.

लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही. पण घरात डांबूनही ठेवू नका, कारण जग ओळखायचं त्याचं मुख्य वय तीन ते चौदा आठवड्यांचं. कडेवर घेऊन हिंडा: रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, लांबून ढोल-ताशा. जुन्याच्या नेहमीच्या रस्त्याने गेलात तर भाजीवाल्या मावशी विचारतीलच, ‘तो कुठंय?’ काय सांगायचं ते घरून ठरवून जा, नाहीतर पहिले काही दिवस दुसरा रस्ता धरा.

चौथा महिना ते सहावा महिना

अठ्ठावीस दुधाचे दात पडू लागतात आणि घर कुरतडायचा हंगाम सुरू होतो. याच काळात बरीच माणसं हरतात आणि पिल्लू कुणाला तरी ‘शेतावर’ देतात. पहिल्या संध्याकाळचा तो कागद फ्रिजवर लावा. बर्फात गार केलेलं ओलं फडकं, जाड रबरी खेळणं द्या. जुनी चप्पल देऊ नका, जुनी कुठली आणि नवी कुठली ते त्याला कळत नाही.

नसबंदी कधी करायची ते जात आणि आकार पाहून डॉक्टर ठरवतील. पुणे-मुंबईसारख्या महापालिकांच्या हद्दीत परवाना नव्याने काढा, जुना याला चालत नाही. आणि लसीच्या पुढच्या वर्षीच्या तारखा, नवं कॅलेंडर भिंतीवर लागेल त्याच दिवशी, त्यावर लिहून टाका.