ही वेल कोणती?

पावसाळ्यात परसात एखादी वेल आपोआप उगवते. बघता बघता कुंपणावर चढते. आपण म्हणतो, "काय रान माजलंय!" आणि कोयता घेतो. थांबा! आधी ती ओळखू या.

पान पाहू. ते विड्याच्या पानासारखे आहे का?

जून खोड पाहू. त्यावर बारीक पुटकुळ्या आहेत. कागदासारखी पातळ साल सुटते. आत हिरवे दिसते. आडवे कापले, तर चाकाच्या आऱ्या दिसतात. वरून सुतळीसारखी मुळे लोंबतात.

फळ पाहू. पिकले की ते वाटाण्याएवढे आणि लाल असते.

या साऱ्या खुणा जुळल्या, तर ती गुळवेल. नुसते पान जुळले, तर भरवसा नको.

गुळवेल वाढवणे सोपे. पावसाच्या सुरुवातीला वीतभर जून कांडे कडुनिंबाच्या बुडाशी लावावे. पाणी साचू देऊ नये.

पण काढा मनानेच घेऊ नये. गुळवेल घेणाऱ्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहे.

वेल ओळखणे, जपणे हे आपले काम. औषध कोणाला द्यावे, किती द्यावे, हे जाणकार वैद्याला, डॉक्टरला विचारावे.