तंतुवाद्यांची वांटणी

चित्रपटांतील एखादें गीत लागलें, कीं गायकाच्या मागून व्हायोलिनांची एक लाट उठते. आमच्या बीड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस हा नाद कानाच्या परिचयाचा आहे. परंतु तीस-चाळीस माणसें एकत्र बसून तो कसा निर्माण करितात, हें प्रत्यक्ष पाहण्याचा योग येथें सहसा येत नाहीं. म्हणून त्या रचनेंतील एका युक्तीचा, म्हणजे एकाच पथकाचे भाग पाडून त्यांस निरनिराळे स्वर देण्याचा, विचार करूं.

मोठ्या पाश्चात्य वाद्यवृंदांत तंतुवाद्यांचीं पांच पथकें असतात: पहिलीं व्हायोलिनें, दुसरीं व्हायोलिनें, व्हायोला, चेलो आणि डबल बास. त्यांतील वादकांची संख्या बहुधा अनुक्रमें १६, १४, १२, १० व ८ अशी धरितात. एका पथकांतील सर्व वादक एरवीं एकच ओळ वाजवितात. वारकऱ्यांच्या भजनांत पुढच्यानें चरण सोडला म्हणजे मागचे टाळकरी तो एका सुरांत उचलतात, तसाच हा प्रकार. रचनाकारास अधिक स्वर हवे असले, म्हणजे तो ओळीवर 'डिव्हिसी' हा इटालियन शब्द लिहितो. पुन्हां सर्वांस एकत्र आणावयाचें असेल तर 'युनिसोनो' लिहितो. दोन वादकांत लिखित स्वरांचा एक स्टँड असतो. दोन भाग करावयाचे असल्यास श्रोत्यांच्या बाजूस बसलेला वरचा स्वर घेतो, व आंतल्या बाजूचा खालचा. तीन भाग असल्यास स्टँडवार वांटणी सोयीची पडते.

नवशिक्या रचनाकारास वाटतें, स्वर वाढले म्हणजे नाद भरदार होईल. घडतें उलट. सोळा जण एकच स्वर वाजवितात तेव्हां कोणाचा सूर केसभर वर असतो, कोणाचा केसभर खालीं. त्या सूक्ष्म भेदांच्या मिश्रणांतूनच तो मखमली नाद निघतो. त्यांचे चार भाग केले कीं एका स्वरास चौघेच उरले. मूळचे आठच असतील तर दोघे! आणि दोघांइतकी वाईट संख्या दुसरी नाहीं. एकटा वादक एकटा म्हणून शोभतो, तिघे परस्परांचे दोष झांकतात. दोघांमधील अंतर मात्र उघडें पडतें.

हा धडा आम्ही व्हायोलिनावर नव्हे, मुलांच्या गळ्यांवर शिकलों. एका नाताळास आमच्याजवळ बारा गाणारीं मुलें होतीं. गीत चार आवाजांचें. आम्हीं हौसेनें तिघांतिघांचे चार भाग केले. तालीम उत्तम झाली. ऐन दिवशीं आल्टोंतील एक मुलगा तापानें निजला, आणि उरलेल्या दोघांचे सूर शेवटच्या कडव्यापर्यंत एकमेकांशीं भांडत राहिले. पुढच्या वर्षीं आम्हीं दोनच आवाज ठेविले, सहा-सहांचे. तें गाणें साधें होतें, पण भरलेलें होतें.

अर्थात् विरळपणाच हवा असेल तर गोष्ट निराळी. वाग्नर याच्या १८५० सालीं रंगभूमीवर आलेल्या 'लोहेंग्रिन' नाटकाच्या प्रारंभीं चार व्हायोलिनें एकेकटीं वाजतात आणि बाकीच्यांचेही चार भाग केलेले आहेत. नाद अति उंच व झिरझिरीत येतो, आणि रचनाकारास तोच हवा आहे.

आपल्या रागसंगीतास ही वांटणी मानवेल काय? हा प्रश्न प्रत्यक्ष करून पाहणारा एक पुरुष गोव्याच्या माजोर्डा गांवीं १९२७ सालीं जन्मला. अँथनी गोन्साल्विस यांनीं मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व्हायोलिनवादन व संयोजन केलें. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९५८ सालीं त्यांनीं वाद्यवृंद जमवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकांत रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. त्यांच्या रचनांत एक सारंग रागावरची आहे. २०१२ सालीं ते निवर्तले.

सारंगावर रचना करणाऱ्यापुढें काय अडचण येते ती पाहा. वृंदावनी सारंगांत गंधार व धैवत वर्ज्य. पाश्चात्य पद्धतीचा सर्वांत सोपा स्वरमेळ सा-ग-प हा होय. व्हायोलिनांचे तीन भाग करून तो दिला, तर मधल्या भागाच्या वांट्यास गंधार येणार, आणि राग तेथेंच संपला! सा-म-ध घ्यावा तर धैवत आड येतो. मग रागाच्या अंगणांतच शोधावें लागतें. शुद्ध निषाद घेऊन प-नि-रे हा मेळ बसतो, कोमल निषाद घेऊन नि-रे-म हा बसतो; परंतु शुद्ध निषाद आरोहांतला व कोमल अवरोहांतला, म्हणून मुख्य चाल ज्या दिशेनें जात असेल तिकडे पाहूनच निवड करावी लागते. आमच्या मतें अशा ठिकाणीं दोन भाग पुष्कळ झाले: अर्ध्यांस षड्ज, अर्ध्यांस पंचम, तंबोऱ्यासारखे.

ज्यांच्या घरीं हार्मोनियम आहे त्यांनीं हे मेळ एकेक दाबून पाहावे. शेवटीं सा-ग-प दाबावा, व लगेच सारंगाची एखादी ओळ म्हणून पाहावी.