मनाचा आजार आणि गावाचा आधार



उसाच्या पानावर तांबेरा दिसला की आपण काय करतो? चिटबॉयला हाक मारतो, गट ऑफिसला जातो, औषध विचारतो. गोठ्यातली गाय वैरणीला तोंड लावेना झाली, तर दोन दिवसांत जनावरांचा डॉक्टर वस्तीवर येतो. यात लाज कोणालाच वाटत नाही. पण घरातला तरणा मुलगा महिनाभर कोणाशी बोलत नाही, रात्र-रात्र जागा राहतो, अंघोळीचेही भान नसते, तेव्हा मात्र आपण दाराला कडी लावतो. "त्याला काम नको," असे म्हणतो. नाहीतर "बाहेरचं काहीतरी झालंय," म्हणून देवऋषाकडे धावतो.

यात मीही सुटलेलो नाही. काही वर्षांमागे आमच्या वस्तीवरील एका सभासदाच्या बावीस वर्षांच्या मुलाला कानात आवाज येऊ लागले. "कोणीतरी माझ्यावर टपलंय," असे तो म्हणे. बाप माझ्याकडे सल्ल्याला आला. मी म्हणालो, "लगीन करून टाका, येईल ठिकाणावर." त्यांनी ते केले नाही हे नशीब, नाहीतर एका परक्या लेकीच्या आयुष्याचेही नुकसान झाले असते. दीड वर्ष देवदेव करण्यात गेले, ऊसबिलाचा एक हप्ता त्यात संपला. शेवटी गावच्या आशाताईंनी हट्ट धरून सोलापूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवले. आज तो पोरगा ट्रॅक्टरवर ऊस वाहतो. गोळ्या चालू आहेत, त्या चालूच राहतील. पण ते दीड वर्ष कोणी परत देणार नाही. म्हणून हा पाठ लिहीत आहे.

आजार ओळखावा कसा?

मनाचा आजार म्हणजे केवळ वेड नव्हे. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने देशातील बारा राज्यांत पाहणी केली. अठरा वर्षांवरील दर शंभर माणसांत साधारण दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्यांतील बहुतेकांना उपचार मिळालेले नव्हते.

मुलांमध्ये : शाळेत जाताना रोज पोट दुखणे, चांगले शिकणारे मूल एकाएकी मागे पडणे, मोठ्या वयातही अंथरूण ओले करणे, सतत घाबरणे किंवा मारामारी करणे. मूल वयाच्या मानाने उशिरा बोलत असेल तर "बाप पण उशिराच बोलला होता" म्हणून थांबू नये.

तरुणांमध्ये : एकटे राहणे, मित्र तुटणे, विनाकारण संशय, परीक्षेच्या किंवा नोकरीच्या धसक्याने झोप उडणे, दारू-गुटख्याच्या आहारी जाणे. बरेचसे मानसिक आजार याच वयात डोके वर काढतात.

मोठ्या माणसांत : दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, भूक-झोप बिघडणे, "माझा कोणाला उपयोग नाही" असे बोलणे. बायका बहुधा मनाचे सांगत नाहीत. अंग दुखते, छातीत धडधडते एवढेच सांगतात. बाळंतपणानंतर सतत रडणारी सून नाटक करीत नसते.

अमरावतीचा धडा

"डॉक्टर शहरात, आपण खेड्यात. मग करायचं काय?" हा प्रश्न विदर्भातही होता. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केले. ते घरोघर बोलत, ऐकून घेत. ज्यांना गरज असेल त्यांच्याशी शिकवलेले समुपदेशक बोलत, आणि आजार भारी असेल तर मानसोपचार डॉक्टर पाहत. कामाआधी नैराश्य असलेल्या शंभरांतील चारच जण कोठेतरी मदत घेत होते. अठरा महिन्यांनी ते सत्तावीस झाले. मरणाचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाणही निम्म्यावर आले. हा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला.

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात तर दवाखान्याच्या आवारात बाक टाकून शिकवलेल्या आजीबाई लोकांचे दुःख ऐकून घेतात आणि अडचणीतून वाट शोधायला मदत करतात. माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला आली की अनोळखी वारकऱ्याचे दुखरे पाय आपण चेपतो. शेजाऱ्याच्या दुखऱ्या मनाशी दोन शब्द बोलणे त्याहून अवघड नाही.

सोय कोठे आहे?

१) आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय ही पहिली पायरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी तेथे करावी. सोलापूरच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

२) १४४१६ हा 'टेलिमानस'चा फोन. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे. रात्रंदिवस, फुकट, मराठीतून बोलता येते.

३) शाळा व अंगणवाडीत तपासणीचे आरोग्य पथक येते, त्याला मुलाची अडचण मोकळेपणी सांगावी.

४) दारू सुटत नसेल तर तोही आजारच. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा त्याने आपला हक्क ठरवला. रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नव्हे, तर आधार व उपचार द्यावेत असे सांगितले.

आपण काय करावे?

पहिले, ऐकावे. "एवढं काय झालंय तुला, आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य तोंडातून काढू नये.

दुसरे, शंका आली तर सरळ विचारावे, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. होय म्हणाला तर एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसरे, फवारणीची औषधे घरात, हाताशी ठेवू नयेत. पेटीला कुलूप लावावे आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. अशा वेळी रागाचा एक क्षण टळला तरी माणूस वाचतो.

चौथे, गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लागण केली की दुसऱ्या दिवशी कोंब मागत नाही आपण! बरे वाटले म्हणून मनाने गोळ्या बंद करू नयेत.

पाचवे, ऊसतोडीच्या टोळ्यांना विसरू नये. सहा महिने कोपीत राहणाऱ्या त्या बायका-पोरांनाही मन आहे. गाळप हंगामात आरोग्य पथक तळावर येईल तेव्हा मनाचीही विचारपूस व्हावी, अशी मागणी गट सभेत आपणच करावी.

सहकाराचा अर्थ एकट्याला न पेलणारे ओझे दहा जणांनी उचलणे. हा अंक वाचून झाल्यावर घरात एकदा मोठ्याने वाचून दाखवा. ज्याच्यासाठी लिहिले आहे तो कदाचित शेजारच्या खोलीतच बसला असेल.